सडक्या अंजिराचे वंशज

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांत उतरते. एक कोयता दिवसाला साधारण २ टन ऊस तोडतो. टनामागे ४०-४५ किलो मळी निघते आणि टनभर सी-हेवी, म्हणजे साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल. साखर बाजूला ठेवली, तरी त्या जोडप्याच्या एका दिवसाच्या कष्टातून १८-२० लिटर अल्कोहोल तयार होते आणि हल्ली त्यातले बरेचसे पेट्रोलमध्ये मिसळले जाते. मळीचे अल्कोहोल करणारे मजूर मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. ते मजूर म्हणजे यीस्ट, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असलेली एक पेशी.

डिस्टिलरीत काम करणाऱ्याला या पेशीची खोड पक्की ठाऊक असते. ३०-३२ अंशांवर ती खुशीत राबते. आंबवण जोरात सुरू झाली की तिच्याच उष्णतेने फर्मेंटर तापतो. पारा ३५च्या पुढे सरकला की पेशी दमतात, अल्कोहोल सोसेनासे होते आणि साखर न आंबता तशीच राहते. म्हणून गार पाणी सतत फिरवावे लागते. जिथे उन्हाळ्यात तापमान ४०च्या वर जाते आणि गावांना प्यायच्या पाण्यासाठी टँकर लावावे लागतात, तिथे फर्मेंटर गार करायला लागणारे पाणी ही चैनच. त्यामुळे उष्णता सोसणारे यीस्ट हा मराठवाड्याचा खराखुरा प्रश्न आहे. जगातही त्यावर भरपूर लिहिले जाते. क्लुइव्हेरोमायसिस मार्क्सिॲनस नावाची जात तर ४५ अंशांवरही वाढते, म्हणून अनेक प्रयोगशाळा तिच्या मागे आहेत. प्रश्न असा, की बीड, अंबाजोगाई, परळी किंवा माजलगावच्या एखाद्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने या विषयावर काम करून शोधनिबंध लिहिला, तर त्याचे मोल कोण ठरवणार आणि कोणत्या मापाने?

यीस्टच्या शास्त्राचा पसारा मोठा आहे. १८९७ मध्ये एडुआर्ट बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसातही साखर आंबते हे दाखवले आणि जीवरसायनशास्त्राची पायाभरणी झाली. १९०७ चे नोबेल त्यांना मिळाले. पेशी कशी विभागते याचे नियम यीस्टवर उलगडले म्हणून २००१ साली लीलंड हार्टवेल आणि पॉल नर्स यांचा नोबेलने गौरव झाला. त्यानंतर २०१३ मध्ये रँडी शेकमन आणि २०१६ मध्ये योशिनोरी ओसुमी. १९९६ साली सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचा संपूर्ण जीनोम वाचून झाला: १६ गुणसूत्रे, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरे, जवळपास ६,००० जनुके. केंद्रक असलेल्या सजीवांत पूर्ण जीनोम वाचला गेलेला हा पहिलाच. तिथून संशोधनाची दिशा वळली. आधी एकेक जनुक बिघडवून बघत, मग सगळ्याच जनुकांचा एकत्र विचार होऊ लागला, पुढे यीस्टकडून औषधे आणि इंधने करून घेण्याचे दिवस आले. अलीकडे पाव आणि बिअरच्या यीस्टपलीकडच्या, रानातल्या आणि समुद्रातल्या जातींकडे लक्ष गेले आहे.

संशोधनाच्या मोजमापाचा इतिहास यापेक्षा बराच अलीकडचा. कोणत्या लेखाने कोणत्या लेखाचा संदर्भ घेतला याची सूची करावी, ही कल्पना यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आला. त्यातूनच इम्पॅक्ट फॅक्टर निघाला. हिशेब सोपा आहे: नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचे यंदा किती संदर्भ घेतले गेले, ते मोजायचे आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचे. ग्रंथपालाला कोणते नियतकालिक घ्यावे हे कळावे, यासाठी ते माप ठीक होते. पुढे त्याच मापाने माणसे मोजली जाऊ लागली आणि सगळा घोळ तिथे सुरू झाला.

ओसुमींचेच उदाहरण घ्या. १९८८ साली टोकियो विद्यापीठात त्यांना स्वतःची लहानशी प्रयोगशाळा मिळाली. पचन करणारी विकरे नसलेले यीस्ट त्यांनी उपाशी ठेवले आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशीच्या रिक्तिकेत बारीक पिशव्या साठत होत्या आणि थुईथुई हलत होत्या. उपाशी पेशी स्वतःचेच भाग मोडून खात होती. हे काम ज्यांना जमत नाही असे यीस्ट त्यांनी शोधून काढले, त्यातून १५ जनुकांचा माग लागला आणि १९९३ मध्ये तो निबंध ‘फेब्स लेटर्स’ या नियतकालिकात आला. हे नियतकालिक चांगले आहे, पण नेमणूक समितीचे डोळे दिपवणारे नव्हे. नोबेल आले २३ वर्षांनी. दोन वर्षांच्या खिडकीतून हे दिसणे शक्यच नव्हते. कँडिडा ऑरिसचेही तसेच. जपानमधल्या एका रुग्णाच्या कानात सापडलेल्या या यीस्टचे वर्णन २००९ मध्ये ‘मायक्रोबायॉलॉजी अँड इम्युनॉलॉजी’ या मर्यादित वाचकांच्या नियतकालिकात छापले गेले. पुढे तेच यीस्ट जगभरच्या अतिदक्षता विभागांत पसरले, औषधांना दाद देईना, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला सर्वांत घातक बुरशींच्या गटात टाकले. तेव्हा सगळ्यांना त्या चार पानांकडे वळावे लागले.

काही परिणाम तर संदर्भांच्या गणतीत कधीच येत नाहीत. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीडच्या ऊसतोड महिलांचे आकडे आले: पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कॅन्सर होईल ही भीती घालून अनेकींना टेबलावर नेले होते. आता ज्या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, त्यावरची भारतीय लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते आणि विषाणूच्या कवचाची प्रथिने त्यासाठी यीस्टच घडवते, हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा या जातीचे. २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली. केज-धारूरच्या एखाद्या मुलीला ही लस वेळेवर मिळाली आणि तिच्या आईला जी भीती दाखवली गेली ती तिला कुणी दाखवू शकले नाही, तर यीस्टच्या संशोधनाचा याहून मोठा परिणाम मला तरी सुचत नाही. त्याला आकडा नाही.

तरीही संदर्भांची मोजदाद टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. ती नीट वाचली तर एक फार कामाची गोष्ट सांगते. ‘यीस्ट’ याच नावाचे एक नियतकालिक १९८५ पासून निघते. त्यात सर्वाधिक उद्धृत झालेल्या निबंधांत १९९८ चे दोन आहेत: एकात जनुके कापण्या-जोडण्याची सोपी रीत आहे, दुसऱ्यात प्रयोगासाठी मुद्दाम घडवलेले वाण. दोन्हींत कोणताही थोर सिद्धांत नाही. यीस्टची जात ओळखायला डीएनएचा सुमारे ६०० अक्षरांचा एक तुकडा पुरतो, हे शेकडो जातींवर पडताळून दाखवणारा क्लेटस कर्ट्झमन आणि क्रिस्टी रॉबनेट यांचा निबंधही त्याच वर्षीचा आणि तोही असाच अखंड वापरात. लोकांनी पुन्हा पुन्हा संदर्भ घेतला तो दुसऱ्याच्या हाती दिलेल्या हत्यारांचा आणि वाणांचा.

वाण येतो कुठून? १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या मर्सेड या शेतीच्या मुलुखात एमिल म्राक यांनी एका सडक्या अंजिरावरून यीस्ट वेगळे केले. त्याचे वंशज हातोहाती फिरत रॉबर्ट मॉर्टिमर यांच्याकडे पोचले आणि संकरातून एस२८८सी हा वाण तयार झाला. १९९६ मध्ये वाचला गेलेला जीनोम त्याचाच. १९८६ मध्ये मॉर्टिमर आणि जॉन जॉन्स्टन यांनी वंशावळ तपासली, तेव्हा त्याचा ८८ टक्के वारसा त्या अंजिरावरच्या यीस्टकडे गेला. जगातल्या सर्वाधिक अभ्यासलेल्या सजीवांपैकी एकाचे मूळ खेड्यातल्या नासक्या फळात आहे.

आपल्याकडची गोष्ट तितकीच सुरस आहे आणि तिच्याविषयी फारच कमी लिहिले गेले. अदिती पंत हे नाव १९८३ च्या अंटार्क्टिका मोहिमेमुळे अनेकांना माहीत असते. भारतीय मोहिमेतून सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर तिथे पोचलेल्या त्या पहिल्या महिला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनंतर त्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आल्या. तिथे स्मिता झिंजर्डे यांनी त्यांच्याबरोबर मुंबईजवळच्या तेलाने माखलेल्या समुद्राच्या पाण्यातून यारोविया लिपोलिटिका हे यीस्ट मिळवले. ते कच्चे तेल खाते. प्रयोगशाळेच्या औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहात, म्हणजे एनसीआयएममध्ये, ते जमा झाले आणि त्याला क्रमांक मिळाला ३५८९. १९९८ मध्ये मुकुंद देशपांडे यांच्यासह या दोघींनी त्याच्या दोन रूपांविषयी लिहिले: कधी गोल पेशी, कधी लांब तंतू. मग तेल पाण्यात विरघळल्यासारखे मिसळवणारे द्रव्य ते सोडते हे आले. नंतर पुणे विद्यापीठात त्याच ३५८९ कडून टीएनटी या स्फोटकाचे रूपांतर, सोन्याचे नॅनोकण, वापरलेल्या तळणाच्या तेलावर वाढवून डिझेलसाठी चरबी, अशी कामे झाली. दर वेळी विद्यार्थी नवे, प्रश्न नवा, वाण तोच. झिंजर्डे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या यीस्टच्या उपयोगांचा घेतलेला आढावा देशाबाहेरही खूप वाचला गेला. एका बाटलीभर मुंबईच्या पाण्याने दशकांचे काम पुरवले, ते वाण जपून ठेवला आणि त्याला क्रमांक दिला म्हणून.

याउलट आपल्या महाविद्यालयांना आपण काय शिकवले? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकाच्या बढतीला गुण आले आणि गुणांसाठी निबंध आले. पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापणारी नियतकालिके पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाची मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी तपासली. विद्यापीठांच्या शिफारशीने आत आलेल्या नियतकालिकांच्या नमुन्यात ८८ टक्क्यांहून अधिक कमअस्सल निघाली. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नावे काढून टाकली. पुणे विद्यापीठाच्या मदतीने निवडक नियतकालिकांची ‘केअर’ यादी सुरू झाली, आणि २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. या साऱ्या गदारोळात मराठवाड्यातल्या कितीतरी प्रामाणिक शिक्षकांची उमेदीची वर्षे वाया गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते. वाचायलाही नीट मिळत नव्हते. २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना खुली झाली, पण खासगी शिक्षणसंस्थांची अनुदानित महाविद्यालये पहिल्या टप्प्यात बाहेरच आहेत. आणि ग्रामीण भागात महाविद्यालये बहुतांशी तशीच असतात.

म्हणून मला वाटते, बीडने निबंधांच्या शर्यतीत धावण्याआधी वाण गोळा करावेत. बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. झाडावरच डोळे फुटून पिकलेले, मुंग्या लागलेले, कुणीही घेणार नाही असे फळ यीस्टसाठी उत्तम. जिल्ह्याच्या लातूर-धाराशिवकडच्या भागात वेळ अमावस्येला ज्वारीचे पीठ आणि ताक आंबवून आंबील करतात; त्या मडक्याच्या तळाशी काय जगते ते पाहावे. डिस्टिलरीच्या मळीच्या टाक्या, गुऱ्हाळातली काहील, मोहाची फुले, उन्हात तापलेली शिंदीची झाडे हीही ठिकाणे आहेत.

काम पदवीच्या विद्यार्थ्याला जमेल असे आहे. चमचाभर गर एमजीवायपी द्रवात टाकायचा: एक टक्का ग्लुकोज, अर्धा टक्का पेप्टोन, मॉल्ट आणि यीस्टचा अर्क थोडा थोडा. जिवाणू वाढू नयेत म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल. दोन दिवसांनी नळीच्या तळाशी पांढुरका थर बसतो आणि आंबूस-गोड वास येतो. त्यातला थेंब अगारच्या थाळीवर रेघा ओढून पसरला की सायीच्या रंगाच्या वसाहती उठतात. काचपट्टीवर पाहिले तर पेशीच्या अंगाला लहान पेशीचा कोंब फुटलेला दिसतो. मग त्याच वसाहती ४० आणि ४२ अंशांवर ठेवायच्या. बहुतेक मरतील. ज्या उरतील, त्यांच्या डीएनएचा तो ६०० अक्षरांचा तुकडा वाचून घ्यायचा.

आणि त्यानंतर बाटली कपाटात ठेवायची नाही, एवढी शिस्त पाळायला हवी. पुण्यात एनसीआयएम आहे, पेशीविज्ञान केंद्राचा सूक्ष्मजीव संग्रह आहे, चंदीगडला एमटीसीसी हा असाच संग्रह आहे. जमा करताना गाव, झाड, तारीख, तापमान, गोळा करणाऱ्याचे नाव लिहून द्यायचे. २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे असा वाण परवानगीशिवाय परदेशी नेता येत नाही आणि त्यातून नफा झाला तर वाटा मागण्याचा हक्क गावाला आहे, पण त्यासाठी तो मुळात कुणाच्या शिवारातला, याची नोंद लागते. सीताफळाचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर. गाळप सुरू होण्याच्या आत पहिल्या थाळ्या भरता येतील.