जुन्या मोटारगाड्यांची एक्झॉस्ट प्रणाली

एक्झॉस्ट प्रणाली म्हणजे इंजिनातील जळालेले वायू बाहेर नेणारी, त्यांचा आवाज कमी करणारी आणि ते प्रवाशांपासून दूर सोडणारी नळ्यांची रचना होय. बोलीभाषेत या सर्वालाच 'सायलेन्सर' म्हणतात. प्रत्यक्षात सायलेन्सर हा तिचा एक भाग आहे. उत्पादन बंद झालेल्या गाड्यांचे सुटे भाग दुर्मीळ झाल्यावर ही प्रणाली गाडीवरच मापे घेऊन नव्याने घडवावी लागते.

पार्श्वभूमी

भारतातील जुन्या गाड्यांत फियाट ११०० व तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी प्रसिद्ध आहे. तिचे १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होई. कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास दिलेले आहे. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी (स्थापना १९१०) आणि सातारा जिल्ह्यातील सातारा रोड येथील कूपर कारखाना यांमुळे या भागात ओतकामाची जुनी परंपरा आहे. जुन्या गाड्यांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे ठरते, कारण इंजिनाला जोडलेला पहिला भाग, म्हणजे मॅनिफोल्ड, ओतीव लोखंडाचा असतो. त्याला तडा गेल्यास साधे वेल्डिंग टिकत नाही. तो आधी तापवून, निकेलयुक्त वेल्डिंग काडीने सांधून राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत सावकाश निववावा लागतो.

नळीचा व्यास

इंजिनाला 'बॅक प्रेशर' आवश्यक असते, हा समज गॅरेजांत सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. आवश्यक असतो तो वायूंचा वेग. वेगाने बाहेर पडणारा वायूंचा लोट मागे कमी दाब निर्माण करतो आणि सिलिंडरमधील उरलेला धूर ओढून नेतो.

पद्मिनीचे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असताना, सिलिंडर सुमारे ८० टक्के भरतात असे धरल्यास, ते सेकंदाला सुमारे २९ लिटर हवा घेते. तापल्यामुळे नळीत या वायूंचे आकारमान साधारण अडीचपट होते. आतील व्यास ३५ मिलिमीटर असल्यास वायूंचा वेग सेकंदाला सुमारे ७५ मीटर येतो. ५० मिलिमीटर केल्यास तो निम्म्यावर उतरतो. जाड नळी बसवल्याने आवाज भारदस्त होतो, पण कमी फेऱ्यांवरची ओढ घटते. खंबाटकी किंवा पसरणीच्या घाटात नेमकी तीच लागते.

बांधणी

नळी वाकवताना ती वळणावर चेपू नये, यासाठी तिच्यात कोरडी वाळू ठासून भरतात व मग ती तापवून वाकवतात. योग्य यंत्र उपलब्ध असल्यास ही खटपट वाचते. मापे घेताना गाडी जॅकवर नव्हे, तर चाकांवर उभी असावी. अन्यथा मागचा आस खाली लोंबतो आणि भार पडल्यावर तो नळीवर आदळतो. प्रथम सर्व सांध्यांना केवळ टाके मारून नळी बसवून पाहावी आणि नंतरच पूर्ण वेल्डिंग करावे. त्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. पाण्याची जस्ताचा मुलामा दिलेली जीआय नळी स्वस्त व सहज मिळणारी असली, तरी ती वापरू नये. वेल्डिंगच्या वेळी निघणाऱ्या जस्ताच्या धुराने ताप येतो. जुन्या गॅस्केटांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती कोरडी खरवडू नयेत.

सरासरी तापमान २५० अंशांनी वाढल्यास तीन मीटर लांबीची साध्या पोलादाची नळी सुमारे ९ मिलिमीटर लांबते, स्टेनलेस स्टीलची सुमारे १३. त्यामुळे ती गाडीला घट्ट न जखडता रबरी हँगरांवर टांगतात.

एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास तितकेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ते सायलेन्सरमध्येच साचते आणि पत्रा आतून गंजतो. महाबळेश्वर-पाटणकडील पावसात तो बाहेरूनही गंजतो. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत ही बाहेरची झळ कमी बसते, आतला गंज मात्र चुकत नाही.

विषारी वायू

कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन आणि प्राणघातक असतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनात, विशेषतः गाडी जागेवर चालू असताना, धुरातील त्याचे प्रमाण काही टक्क्यांपर्यंत असते आणि त्याला रोखणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या गाड्यांत नसतो. धावत्या गाडीच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो. डिकीच्या फाटलेल्या रबरातून किंवा गंजलेल्या तळातून धूर आत ओढला जातो. म्हणून शेवटची नळी बंपरच्या बाहेर काढणे हा शोभेचा प्रश्न नाही. गळती पाहण्यासाठी उघड्या जागी थंड इंजिन सुरू करून, शेवटच्या नळीचे तोंड कापडाच्या बोळ्याने क्षणभर दाबून सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात.

कायदेशीर तरतुदी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार (नियम ११२, ११३ व १२०) धूर खाली किंवा डाव्या बाजूस सोडता येत नाही, एक्झॉस्ट नळी इंधनवाहिनीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असू नये आणि सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९० (२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०२१ च्या सुधारणेनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते, मात्र ती मूळ स्वरूपात असावी लागते. अशी गाडी घडवून घेणाऱ्याने जुनी गंजलेली नळी भंगारात देण्यापूर्वी तिची मापे व छायाचित्रे घेऊन ठेवलेली बरी.