सायकल, हेल्मेट आणि दीड मीटरची उंची

हेल्मेट हा शब्द निघाला की मराठी माणसाला पुणे आठवते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने मोटारसायकल-स्कूटर चालवणाऱ्यावर हेल्मेट बंधनकारक केले. तरीही जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी दंड वसूल करायला सुरुवात केली, तेव्हा पुणेकर सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरले. या सगळ्या वादात साधी सायकल मात्र बाजूलाच राहिली. तिला इंजिन नाही, म्हणून ते कलमही तिला लागू नाही. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यातून आलेल्या आपल्यापैकी अनेकांनी शाळा-कॉलेजची सगळी वर्षे उघड्या डोक्याने सायकल मारली. त्यामुळे इथे बुरैद्यात मुलाला सायकल घेताना दुकानदाराने हेल्मेट पुढे केले, की मनात येते, "आम्हाला कुठे काय झाले?"

या प्रश्नात एक खोट आहे. ज्यांना काही झाले, ते हा प्रश्न विचारायला आपल्यात बसलेले नसतात. म्हणून आठवणी बाजूला ठेवून आधी हेल्मेट काम कसे करते, ते पाहू.

सायकलच्या हेल्मेटचा जीव त्याच्या वरच्या चकचकीत कवचात नसून आतल्या थर्माकोलसारख्या फोममध्ये असतो. डोके जमिनीवर आदळले की हा फोम चिरडतो आणि डोक्याला थांबायला थोडे अंतर मिळते. हिशेब सोपा आहे. सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, हे पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर इतके असते. दीड मीटरवरून पडलेले डोके पाच मिलिमीटरमध्ये थांबले, तर धक्का ३०० पट. फोममुळे तेच अंतर वीस मिलिमीटर झाले, तर ७५ पट. जादू म्हणतात ती एवढीच. पण त्या पंधरा मिलिमीटरवर कधी कधी सारे आयुष्य अवलंबून असते.

दीड मीटर ही उंची मी मनाने घेतलेली नाही. युरोपच्या ईएन १०७८ या मानकात सपाट पृष्ठभागावरच्या चाचणीत हेल्मेट साधारण तेवढ्याच उंचीवरून पाडतात आणि धक्का २५० पटींच्या आत राहावा लागतो. आदळतानाचा वेग तेव्हा ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो. म्हणजे ही परीक्षा सायकलवरून तोल जाऊन पडण्याची आहे. ताशी साठच्या वेगाने डोके आदळले, तर ऊर्जा साडेनऊ पट होते. एखादा प्रोग्राम ज्या आकड्यांवर तपासला, त्यांच्या पलीकडे तो कसा वागेल याची हमी कोणी देत नाही. इथेही तसेच आहे. भरधाव मोटारीच्या धडकेतून वाचवण्याचे वचन हेल्मेटने कधी दिलेलेच नाही.

मग प्रत्यक्षात उपयोग होतो का? होतो. ऑलिव्हिए आणि क्रायटन यांनी २०१६ मध्ये चाळीस अभ्यास एकत्र करून चौसष्ट हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती तपासली. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी आढळली. मानेची इजा वाढते, हा नेहमीचा आक्षेपही त्यात टिकला नाही. व्यावसायिक शर्यतींतले स्वारही बराच काळ हेल्मेटला नाके मुरडत. १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये फाबिओ कासार्तेल्ली आणि २००३ च्या पॅरिस–नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव डोक्याला मार लागून गेले. त्यानंतर २००३ मध्येच आंतरराष्ट्रीय संघटनेने हेल्मेट सक्तीचे केले.

पण "घालावे का?" आणि "सक्ती करावी का?" हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये सर्व सायकलस्वारांवर सक्ती केली. डोक्याच्या इजा घटल्या. पण मेलबर्नच्या पाहणीत सायकल चालवणारी किशोरवयीन मुलेही कमी दिसू लागली. मग श्रेय हेल्मेटचे किती आणि रिकाम्या रस्त्याचे किती, हा वाद अजून मिटलेला नाही. इस्राएलने २००७ मध्ये केलेली सक्ती २०११ मध्ये शहरांतल्या प्रौढांपुरती मागे घेतली. स्वीडनने २००५ पासून ती पंधरा वर्षांखालच्या मुलांपुरतीच ठेवली आहे. नेदरलँड्समध्ये रोजच्या प्रवासात हेल्मेट फारसे कोणी घालत नाही. तिथली सुरक्षितता मोटारींपासून वेगळ्या काढलेल्या सायकलमार्गांतून येते.

हे सारे बुरैद्याला लावून पाहू. इथे सायकल दोघांची: वसाहतीत चकरा मारणाऱ्या आपल्या मुलांची आणि रोजच्या कामावर जाणाऱ्या मजुराची. मुलाचे पडणे हे नेमके त्या दीड मीटरचे पडणे आहे. त्याच्यासाठी हेल्मेटला पर्याय नाही, आणि घरचा नियम करायला कायद्याची वाट पाहायची गरज नाही. मजुराला धोका आहे तो रुंद रस्त्यावर, अंधारात, मागून येणाऱ्या गाडीचा. त्याला नुसते हेल्मेट देऊन आपण सुटलो असे मानणे ही स्वतःची फसवणूक ठरेल. त्याला आधी मागचा लाल दिवा आणि चमकणारे जाकीट हवे, आणि गाडी चालवणाऱ्या आपण वेग कमी करून अंतर ठेवायला हवे.

घेताना ईएन १०७८ ची खूण पाहावी. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर, आडवे बसावे. मागे सरकलेले हेल्मेट कपाळ उघडे टाकते. पट्ट्याखाली जेमतेम एक-दोन बोटे जावीत. "वाढत्या अंगाचे" म्हणून मोठे घेऊ नये. एकदा जोरात आदळलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी टाकून द्यावे. चिरडलेला फोम पुन्हा फुगत नाही. आणि इथल्या उन्हाळ्यात विशेष महत्त्वाचे: ते बंद गाडीत उन्हात ठेवू नये, उष्णतेने फोम खराब होतो.

मूल उन्हाची, घामाची तक्रार करील. तशीही इथे सायकल काढायची ती सूर्य कलल्यावरच. आणि वडिलांनीही स्वतःच्या सायकलवर बसताना ते घातले, तर निम्मा वाद तिथेच संपेल.