मेल गेला, पण पोहोचला का? ई-मेल गेटवे समजून घेऊया



संशोधनाकडे वळायचं ठरलं की पेट-नेटच्या अभ्यासाबरोबर आणखी एक काम सुरू होतं, ते म्हणजे मेल पाठवणं. गाईड होऊ शकतील अशा सरांना किंवा मॅडमना मेल, दुसऱ्या संस्थेतल्या उपकरणावर सॅम्पल तपासून मिळेल का म्हणून मेल, परिषदेच्या नोंदणीसाठी मेल. आठवडाभर उत्तर आलं नाही की आपण मनात ठरवून टाकतो, "सरांना इंटरेस्ट दिसत नाही." कधी ते खरंही असतं. पण कधी सरांनी तो मेल पाहिलेलाच नसतो, कारण वाटेत एका मशीनने तो थांबवलेला असतो. आज त्या मशीनविषयी, म्हणजे ई-मेल गेटवे सर्व्हरविषयी बोलूया.

दोन कामं, दोन दिशांना ओढणारी

संस्थेच्या मेलपेट्या ज्या सर्व्हरवर असतात, त्याच्या पुढे दारात उभा असतो तो गेटवे. बाहेरून येणारा प्रत्येक मेल आधी त्याच्या हातात पडतो. व्हायरस, फसवे मेल अडवायचे हे त्याचं पहिलं काम. खरा मेल वेळेत पोहोचवायचा हे दुसरं. पहिलं काम फार कडक केलं की दुसरं बिघडतं, आणि दुसरं सैल सोडलं की पहिलं.

हा प्रश्न मुळात आला कुठून? मेल पोहोचवण्याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, 1982 साली लिहिले गेले. तेव्हा नेटवर्कवर मोजक्या संस्था होत्या आणि पाठवणारा खरं नाव सांगतोय हे गृहीत होतं. आपल्याकडेही सुरुवात अशीच झाली. 1986 मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात काही आयआयटी, बंगळूरची आयआयएससी आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी अशा मोजक्या संस्था होत्या. परदेशी मेलची ये-जा मुंबईच्या एनसीएसटीतून व्हायची. ओळखीच्या लोकांचं जाळं असल्यावर दाराला कुलूप कशाला?

त्याची किंमत पुढे कळली. जून 1998 मध्ये, पोखरणच्या चाचण्यांना महिनाही झाला नव्हता तेव्हा, 'मिलवर्म' नावाच्या किशोरवयीन हॅकरांच्या गटाने ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये शिरून शास्त्रज्ञांचे ई-मेल पळवले. मेल पोहोचवणाऱ्या 'सेंडमेल' या प्रोग्राममधल्या पळवाटेचा उल्लेख तेव्हाच्या बातम्यांत आला होता. यातला मुद्दा नीट बघा. अनोळखी माणसाशी बोलणं हेच मेल सर्व्हरचं काम असतं. त्यामुळे हे दार कायमचं बंद करता येत नाही, ते सांभाळावंच लागतं. प्रोग्राम वेळच्या वेळी अपडेट करणं हे म्हणूनच सुरक्षेचं पहिलं पाऊल.

दुसरं पाऊल म्हणजे कुणाचा मेल कुठे जाऊ द्यायचा हे ठरवणं. आपल्या डोमेनसाठी आलेला मेल पोर्ट 25 वर कुणाकडूनही स्वीकारायचा. पण आपल्यामार्फत बाहेर जाणारा मेल फक्त लॉगिन केलेल्या आपल्याच माणसाकडून घ्यायचा, त्यासाठी पोर्ट 587 वापरतात. हा फरक केला नाही तर जगातला कोणीही आपल्या सर्व्हरवरून स्पॅम पाठवू शकतो. याला 'ओपन रिले' म्हणतात. असा सर्व्हर काळ्या यादीत गेला की संस्थेतल्या सगळ्यांचेच मेल अडकायला लागतात.

पत्र खरं कशावरून?

समजा, तुम्ही राजारामपुरीतल्या टपालपेटीत एक पत्र टाकलं आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिला दिल्लीचा. पोस्ट खातं ते पोहोचवेल. ई-मेलचंही तसंच आहे. पाठवणाऱ्याच्या जागी कोणतंही नाव घालता येतं. म्हणून गेटवे तीन गोष्टी तपासतो.

एसपीएफ हा शिक्का बघण्याचा प्रकार. आमच्या नावाचे मेल कोणत्या सर्व्हरवरून निघतात, याची यादी संस्था आपल्या डीएनएसमध्ये जाहीर करते. पत्ता दिल्लीचा आणि शिक्का कोल्हापूरचा असेल तर शंका घ्यायची.

डीकेआयएम म्हणजे लाखेची मोहोर. पाठवणारा सर्व्हर मजकुरावर आपल्या गुप्त किल्लीने डिजिटल सही करतो आणि ती तपासायची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये ठेवतो. वाटेत मजकूर बदलला तर मोहोर तुटलेली दिसते.

डीमार्क या दोन्हींना जोडतो. ई-मेलला पाकिटावरचं एक नाव असतं आणि आत पत्रावर, म्हणजे वाचणाऱ्याला दिसणारं, दुसरं. एसपीएफ फक्त पाकिटावरचं बघतो. डीमार्क विचारतो, आतलं नाव शिक्क्याशी किंवा मोहोरेशी जुळतंय का? जुळत नसेल तर काय करायचं, हेही संस्थाच सांगून ठेवते. काही करू नका, स्पॅममध्ये टाका किंवा थेट नाकारा, असे तीन पर्याय असतात.

हे आता ऐच्छिक राहिलेलं नाही. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलच्या खात्यांवर दिवसाला 5000 किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी बंधनकारक आहेत. प्रवेशाचे आणि निकालाचे मेल पाठवणारं मोठं विद्यापीठ हा आकडा सहज ओलांडू शकतं.

99 टक्के अचूक, तरीही

आता थोडं गणित करूया, कारण संशोधनात हेच गणित तुम्हाला वेगळ्या नावाने भेटणार आहे. समजा, एका गेटवेवर दिवसाला 10,000 मेल येतात, त्यातले 4,000 स्पॅम आणि 6,000 खरे. गेटवे दोन्ही बाजूंनी 99 टक्के अचूक आहे असं धरू. म्हणजे 40 स्पॅम आत येतील आणि 60 खरे मेल अडतील.

आत आलेला स्पॅम लोकांना दिसतो, ते तक्रार करतात. अडलेले 60 कुणालाच दिसत नाहीत. त्यातला एखादा कुणाचा तरी जेआरएफच्या मुलाखतीचा कॉल असतो. संख्याशास्त्रात याला आपण पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची चूक म्हणतो. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. 'स्पॅमअसॅसिन' हा फिल्टर प्रत्येक मेलला गुण देतो आणि मुळात 5 गुणांच्या रेषेवर स्पॅम ठरवतो. ती रेषा 3 वर आणली तर स्पॅम जास्त अडेल, पण खरे मेलही जास्त अडतील. चूक शून्यावर आणणारा आकडाच नाही.

मग चांगला गेटवे ओळखायचा कसा? माझ्या मते एकाच कसोटीवर. त्याची चूक कुणाला तरी दिसते का?

चूक दिसेल अशी व्यवस्था

संशयास्पद मेलचं तीन प्रकारे करता येतं. गुपचूप फेकून देणं सर्वांत वाईट, कारण पाठवणाऱ्याला वाटतं पोहोचला आणि घेणाऱ्याला वाटतं आलाच नाही. आधी स्वीकारून मग परत पाठवणंही धोक्याचं, कारण पाठवणाऱ्याचं नाव खोटं असेल तर तो परतीचा मेल भलत्याच निरपराध माणसावर जाऊन आदळतो. सर्वांत बरं म्हणजे दारातच, बोलणं चालू असताना कारण सांगून नाकारणं. पाठवणारा खरा असेल तर त्याचा सर्व्हर त्याला लगेच कळवतो.

नाकारण्याच्या उत्तरात एक क्रमांक येतो. 4 ने सुरू होत असेल तर 'आत्ता नाही, नंतर या'. 5 ने सुरू होत असेल तर 'नाहीच'. काही गेटवे अनोळखी सर्व्हरला मुद्दाम आधी 4 चं उत्तर देतात, याला 'ग्रेलिस्टिंग' म्हणतात. खरा सर्व्हर मेल रांगेत ठेवून थोड्या वेळाने परत येतो. घाईतला स्पॅमवाला बहुधा येत नाही. पण 10 मिनिटांत संपणारा ओटीपी अशा वेळी कामातून जातो, म्हणून अशा सर्व्हरना सूट द्यावी लागते.

डीमार्कही पहिल्याच दिवशी 'थेट नाकारा' वर ठेवू नये. विद्यापीठाचा मेल बरेचजण आपोआप जीमेलवर फॉरवर्ड करतात. तिथे शिक्का मधल्या सर्व्हरचा दिसतो आणि एसपीएफ फसतो. मेलिंग लिस्टने खाली दोन ओळी जोडल्या की मोहोरही तुटते. म्हणून आधी 'काही करू नका' हा पर्याय ठेवायचा, येणारे अहवाल वाचायचे. आपल्या नावाने ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, प्रवेशाचं पोर्टल, परीक्षा विभाग असे कोणकोण मेल पाठवतात ते शोधायचं आणि मग टप्प्याटप्प्याने कडक व्हायचं. आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. आपल्या प्रयोगशाळेत वेगळं काय करतो आपण?

तुम्ही काय करू शकता

सर्व्हर तुमच्या हातात नसला तरी एवढं नक्की करा. विद्यापीठाच्या खात्यावरून स्वतःच्या जीमेलला एक मेल पाठवा. कॉम्प्युटरवर तो उघडून 'शो ओरिजिनल' बघा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हींपुढे 'पास' आहे का? नसेल तर त्या पानाची प्रत संगणक केंद्राला द्या. "मेल जात नाहीत सर" या तक्रारीपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

परत आलेला मेल न वाचता डिलीट करू नका, त्यातला 4 किंवा 5 चा क्रमांक बघा. मोठी फाईल जोडताना लक्षात ठेवा की मेलमध्ये ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. 8 एमबीचा प्रबंध 10 एमबीच्या मर्यादेत बसत नाही. लिंक पाठवा. सर्वेक्षणाची प्रश्नावली एकदम 500 जणांना एका मेलने पाठवू नका.

आणि ज्या सरांचं उत्तर आलं नाही, त्यांना आठवड्याने एक छोटा, नम्र मेल परत करा. तोही गेला तर विभागात फोन करून "माझा मेल मिळाला का?" असं विचारायला लाजू नका. उत्तर न येणं हा नकाराचा पुरावा नव्हे. ती फक्त डेटामधली रिकामी जागा आहे.

काही शंका असतील तर जरूर विचारा. भेटूया पुढच्या लेखात.