टाकी, पंप आणि मधली तार



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास आणि राजकारण यांवर बोलणारे वक्ते पुष्कळ येतात. कंट्रोल पॅनेल बनविणाऱ्या माझ्यासारख्या कारागिराला येथे उभे करण्याचे धाडस चालकांनी केले, त्याची जबाबदारी सर्वस्वी त्यांच्यावर आहे. मला पल्लेदार बोलता येत नाही. म्हणून माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो आणि तिच्या आधाराने विषय मांडतो. विषय असा की, दोन छोटी यंत्रे एकमेकांपासून शंभरएक मीटरवर असली, तर त्यांनी आपसांत बोलावे कसे?

विरार पूर्वेच्या एका सोसायटीतली हकीकत आहे. जमिनीखाली एक टाकी, गच्चीवर दुसरी, आणि उन्हाळ्यात भरवसा टँकरवर. आपल्या भागातील कोणाला हे निराळे समजावून सांगावयास नको. पंपाची खोली आवाराच्या एका टोकाला, तर वरची टाकी दुसऱ्या टोकाच्या इमारतीवर. मधली तार मोजली ती ९० मीटर भरली. दोन्ही टोकांना मी एकेक मायक्रोकंट्रोलर बसविला. वरच्याने टाकी भरली की 'भरली' असा निरोप धाडावयाचा आणि खालच्याने पंप बंद करावयाचा, एवढाच करार होता.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे गणित करणारा भाग, स्मरणाचा भाग आणि बाहेरच्या जगाशी संबंध ठेवणारे पाय, हे सर्व एकाच चकतीत सामावलेले यंत्र. इंटेल कंपनीचा ८०५१ हा सुप्रसिद्ध मायक्रोकंट्रोलर १९८० साली निघाला. आज त्याचे भाऊबंद कपडे धुण्याच्या यंत्रापासून मुलांच्या खेळण्यापर्यंत सर्वत्र आहेत. त्याची भाषा दोनच अक्षरांची. पायावर ५ व्होल्ट असले तर 'एक', काही नसले तर 'शून्य'. आठ ठोक्यांचे एक अक्षर. त्याच्या आधी 'ऐका' म्हणणारा एक ठोका आणि शेवटी 'संपले' म्हणणारा एक. हे ठोके एकाच तारेवरून मालगाडीच्या डब्यांसारखे एकामागून एक जातात. माझ्या यंत्रात सेकंदाला ९,६०० ठोके जात, म्हणजे एक ठोका सेकंदाच्या दहालाखाव्या भागाच्या सुमारे १०४ पट टिकत असे.

कारखान्यात तारेचे वेटोळे टेबलावर ठेवून मी हे सर्व तपासले होते. सोसायटीतही तीन आठवडे यंत्रणा उत्तम चालली. मग मे महिन्यातल्या एका रात्री टाकी भरली, वरच्या यंत्राने निरोप धाडला, खालच्याला तो कळला नाही आणि पंप चालूच राहिला. संध्याकाळी आलेल्या टँकरचे पाणी गच्चीवरून गटारात वाहून गेले. सकाळी एकाही नळाला थेंब नाही.

मी गेलो तेव्हा लोक जमलेले होतेच. चिटणीस बोलले, ते येथे सांगण्याजोगे नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या एक वयस्कर बाई रिकामी कळशी घेऊन उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अरे, निरोप आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं तुझ्या यंत्राला कुणी शिकवलं?" या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे. आधी निरोप का पोचला नाही, ते पाहू.

पाचाच्या पायावर चालणाऱ्या माझ्या मायक्रोकंट्रोलरचा नियम असा की, दीड व्होल्टाखाली असेल ते शून्य, तीन व्होल्टांवर असेल ते एक, आणि मधले काहीही असले तर यंत्राला वाटेल तो अर्थ. पण हे व्होल्ट मोजावयाचे कोठून? येथेच सारी मेख आहे. दाब हा नेहमी दोन ठिकाणांमधला असतो. वरचे यंत्र आपल्या शून्यापासून मोजते, खालचे आपल्या. ही दोन शून्ये एक राहावीत म्हणून मी तिसरी एक बारीक तार त्यांच्यामध्ये जोडली होती आणि निश्चिंत झालो होतो. तेवढ्या लांबीच्या त्या तारेचा अडथळा सुमारे साडेआठ ओहम होता. दोन्ही टोके इमारतींच्या अर्थिंगला टेकलेली होती. पंपाची मोटार जुनी. तिच्या वेटोळ्यातून वीज गळू लागली, आणि तशी गळती पकडणारा स्विच तेथे नव्हता. गळालेल्या विजेला परत जाण्यास माझी बारीक तार आयतीच सापडली. पाव अँपिअर वीज साडेआठ ओहमांतून गेली की दोन टोकांत २ व्होल्टांहून थोडे अधिक अंतर पडते. वरून निघालेले ५ व्होल्ट खालच्याला ३ च्या आतच दिसू लागले. पंप बंद असताना सर्व स्पष्ट ऐकू येई आणि पंप चालू असताना काहीच नाही; आणि आमचा महत्त्वाचा निरोप तर पंप चालू असतानाच यावयाचा! म्हणून तपासणीत हा दोष कधी सापडला नाही.

ही फजिती माझ्याआधी फार मोठ्या मंडळींची झालेली आहे. जमिनीचा परतीची तार म्हणून उपयोग होतो, हे जर्मनीत श्टाइनहाइल याने १८३८ मध्ये दाखविले आणि तारायंत्राचा निम्मा तांब्याचा खर्च वाचला. आपल्या देशात डॉ. ओशॉघ्नेसी यांनी १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर तार चालू केली. पुढे जाळे देशभर पसरले आणि ही सेवा २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली. एक तार आणि खाली भूमाता, एवढ्यावर दीर्घकाळ काम निभावले. पण शहरांत विजेच्या ट्राम आल्या, आणि टेलिफोनच्या तारांत इतकी घरघर शिरली की बोलणे ऐकू येईना. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ साली आली, तीही १,५०० व्होल्टांच्या एकदिश विजेवर. चर्चगेट-विरार मार्गाचे २५,००० व्होल्टांच्या उलटसुलट विजेवर रूपांतर २०१२ मध्ये पुरे झाले. अशा विजेच्या मार्गाशेजारी उघड्या तारा ताणल्या तर त्यांच्यात आपोआप वीज उपजते. म्हणून रेल्वेच्या बोलण्याच्या तारा जमिनीखालच्या केबलमध्ये जोडीने घालाव्या लागतात.

जोडीने, हा शब्द महत्त्वाचा. टेलिफोनचा जनक ग्रॅहम बेल याने १८८१ साली दोन तारा एकमेकींना पीळ देऊन वापरण्याचे पेटंट घेतले. नायगावहून पाणजू बेटाला जाणारी होडी डोळ्यांपुढे आणा. तीत एक उंच आणि एक बुटका असे दोघे शेजारी बसले आहेत. भरतीने होडी वर जाते, लाटेने हलते. काठावरून मोजणाऱ्याला कोणाचीच उंची धड सापडणार नाही. पण त्या दोघांत उंच कोण, हे मात्र कोणत्याही लाटेत तसेच राहते. निरोपाचे तसेच करावयाचे. एका तारेवर जे सांगावयाचे त्याच्या उलट दुसरीवर सांगावयाचे, आणि ऐकणाऱ्याने जमिनीपासून न मोजता दोघींमधला फरक तेवढा पाहावयाचा. पिळामुळे दोन्ही तारा गोंगाटाला आळीपाळीने सारख्याच जवळ येतात, त्यामुळे गोंगाट दोघींवर सारखा चढतो आणि वजाबाकीत निघून जातो.

या तत्त्वावर बसविलेले प्रमाण म्हणजे १९८३ चे आरएस-४८५. त्याआधीचे आरएस-२३२ हे १९६० चे. त्यात दाब मोठा असला तरी तो जमिनीपासूनच मोजला जाई, आणि पुढे त्यासाठी १५ मीटरांची मर्यादा सांगितली गेली. आरएस-४८५ चा ऐकणारा मात्र एका व्होल्टाच्या पाचव्या हिश्शाएवढा फरकही ओळखतो. दोन टोकांच्या शून्यांत काही व्होल्टांची तफावत असली तरी तो डगमगत नाही, आणि सावकाश बोलणे असेल तर १,२०० मीटरपर्यंत काम होते. एकाच जोडीवर ३२ यंत्रे बसविता येतात. अर्थात एका वेळी एकानेच बोलावयाचे. एक यंत्र सभेच्या अध्यक्षासारखे नाव घेऊन विचारते आणि बाकीची गप्प राहतात. आपल्या पुष्कळ सभांना हा नियम लावता आला तर बरे होईल.

दोनच तारा लागतात असे समजून तिसरी शून्याची तार गाळणारे फिटर मी पाहिले आहेत. ते चुकतात. होडी हलली तरी चालते, पण किनारा सोडून समुद्रात गेली तर चालत नाही. ऐकणाऱ्याच्या शून्यापासून मोजलेला तारांवरचा दाब साधारण उणे ७ ते अधिक १२ व्होल्टांच्या आतच राहिला पाहिजे. याउलट तारेच्या टोकांना १२० ओहमचे रोधक लावण्याचा विधी काही जण इतक्या श्रद्धेने करतात की नवल वाटते. टोकावरून निरोप प्रतिध्वनीसारखा परत फिरू नये म्हणून हे रोधक असतात. पण तारेतील संकेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. आमचे ९० मीटर तो दहालाखाव्या सेकंदाच्या अर्ध्या भागात ओलांडतो, आणि आमचा एक ठोका त्याच्या दोनशेपट लांब. ठोक्याच्या मध्यावर ऐकणारा कान लावतो तोवर प्रतिध्वनी विरून गेलेला असतो. सेकंदाला दहा लाख ठोके पाठविणाऱ्याने मात्र रोधक विसरू नये.

पावसाळ्यापूर्वीच्या विजेसाठी आणखी एक तजवीज हवी. वीज जवळपास पडली तरी लांब तारेत क्षणभर मोठा दाब चढतो आणि चकत्या जळतात. म्हणून तारेवरचा संकेत आधी प्रकाशात बदलून, मधल्या फटीतून पलीकडे नेऊन, पुन्हा विजेत बदलणारे भाग बसवितात. अशा वेळी तारेकडच्या बाजूला वेगळा वीजपुरवठा द्यावा लागतो. तेवढा खर्च वाचविणारा पुढे मोठा खर्च करतो.

हे सर्व मी केले. जोडी पिळाची घातली, नवी चकती बसविली, मोटारीची गळती काढली, गळती पकडणारा स्विच बसविला. पण कळशीवाल्या बाईंच्या प्रश्नाला यांतले काहीच उत्तर नव्हते. उत्तम तारही उंदीर कुरतडतो, रंगारी कापतो. शिवाय कोणी बोलत नसताना आरएस-४८५ च्या दोन तारांत फरक उरत नाही. म्हणून तो मुद्दाम किंचित राखणारे रोधक लावावे लागतात, नाहीतर ऐकणाऱ्याला शांततेतही शब्दांचा भास होतो.

उत्तर मला सापडले ते रेल्वेत. रुळावर गाडी आहे की नाही हे ओळखण्याची युक्ती अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन याने १८७२ मध्ये काढली. रुळांच्या तुकड्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. रुळांतून वीज वाहत राहिली तरच रिले उचललेला राहतो आणि सिग्नल मोकळा मिळतो. गाडीची चाके रुळांवर आली की वीज त्यांच्यातून आखूड वाटेने फिरते, रिले पडतो, सिग्नल लाल. पण बॅटरी संपली, तार तुटली, रूळ तडकला, तरीही साधारणतः लालच! 'मार्ग मोकळा' हा निरोप तेथे अखंड द्यावा लागतो. माझ्या यंत्रात नेमके उलटे होते. मी धोक्याचा निरोप एकदाच पाठवीत होतो आणि मौनाला संमती समजत होतो.

आता वरचे यंत्र दर दोन सेकंदांनी 'जागा आहे' असे सांगते, सोबत निरोपाचा ताळा जोडते. ताळा जुळला नाही तर निरोप आलाच नाही असे धरावयाचे. दहा सेकंद निरोप नसला तर पंप बंद, घंटा चालू.

यावरही सोसायटीच्या बैठकीत वाद झाला. तार बिघडली म्हणून पंप बंद राहिला तर भरल्या टँकरवर बसून तहानलेले राहावयाचे का, असे एका काकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. आग विझविण्याच्या पंपाला मी हा नियम कधीच लावणार नाही. तेथे निरोप तुटला तर पंप चालू राहिला पाहिजे. कोणती चूक परवडेल, हे चकतीला ठरविता येत नाही. ते पाणी भरणाऱ्यांनी ठरवावयाचे असते. बैठकीने बहुमताने बंदच्या बाजूने कौल दिला, आणि वॉचमनच्या खोलीत हाताने पंप चालविण्याचा एक स्विच किल्लीसह बसवून घेतला. किल्ली कोणाकडे असावी, यावर आणखी अर्धा तास गेला. ती तिसऱ्या मजल्यावर ठेवावी असे शेवटी ठरले.