कोंबड्यांचा राखणदार त्यांनाच का खात नाही?

कोंबडी फडफडली की गल्लीतलं कुत्रं तिच्यामागे धावतं. मग इटलीचा पांढरा मरेम्मा कुत्रा कोंबड्यांच्या घोळक्यात निवांत कसा पहुडतो?

शिकार ही कड्यांची साखळी असते: टक लावणं, दबा धरणं, पाठलाग, चावा. राखणदार जातींत पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने ही सगळी साखळीच ढिली झाली आहे. शिवाय पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात ज्यांच्या सहवासात वाढतं, त्यांना आपलं मानतं. तरीही तरुण कुत्रा खेळता खेळता पिसं उपटतो, म्हणून सुरुवातीला त्याच्यावर लक्ष हवंच. कोल्हा मात्र त्याचा वास आणि भुंकणं ओळखून लांब राहतो.

ऑस्ट्रेलियातल्या वॉर्नम्बूलजवळच्या एका कोंबडीपालकाने हा उपाय सुचवला आणि २००६ मध्ये मिडल आयलंडवरच्या छोट्या पेंग्विनांना कोल्ह्यांपासून राखायलाही मरेम्मा नेमले गेले.