अमृतकुंभ आणि पेप्टाइड्स

कावेरीकाठचे कुंभकोणम मराठी माणसाला परके नाही. तंजावरच्या मराठी राज्याचा हा परिसर. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली तेथलाच. प्रलयात वाहत आलेला अमृतकुंभ शिवाच्या बाणाने येथे फुटला, अशी आख्यायिका आहे. महामहम तलावावरील दर बारा वर्षांचे पर्व २०१६ नंतर आता २०२८ मध्ये येईल.

अमृताची ओढ मात्र पर्वाची वाट पाहत नाही. आज ती इंजेक्शनच्या कुपीतून भागवली जात आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. मधुमेहींचे इन्सुलिन हेही ५१ अमिनो आम्लांचे पेप्टाइडच. तेव्हा नावाला बिचकण्याचे कारण नाही. वाद आहे तो तारुण्याच्या आश्वासनावर विकल्या जाणाऱ्या पेप्टाइड्सचा.

त्यांतील सर्मोरेलिन, इपामोरेलिन यांसारखी द्रव्ये शरीरातील वाढ-संप्रेरक वाढवतात. १९९० साली अमेरिकेत साठीपुढील बारा पुरुषांना सहा महिने हे संप्रेरक दिले असता त्यांचे स्नायू वाढले, मेद घटला. तेथून ही लाट उसळली. परंतु या संप्रेरकामुळे रक्तात आयजीएफ-१ हा घटकही वाढतो. तो पेशींना वाढण्याचा आदेश देतो, आणि आदेश ऐकणारी पेशी निरोगी आहे की बिघडलेली, हे तो पाहत नाही. आयजीएफ-१ अधिक असणाऱ्यांत स्तन, प्रोस्टेट व मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका काहीसा अधिक आढळला आहे. उलट, इक्वेडोरमधील लॅरॉन विकाराच्या ठेंगण्या माणसांत हा घटक अत्यल्प असतो व कर्करोगही क्वचितच होतो.

एपिटॅलॉनची कथा निराळी. ते टेलोमरेज हे विकर जागे करते, असा दावा आहे; पण बहुसंख्य कर्करोगपेशी अमर होतात त्या याच विकराच्या बळावर! समर्थक उंदरांवरील अनुकूल प्रयोग दाखवतात. मात्र ते प्रामुख्याने एकाच रशियन संशोधकगटाचे आहेत. बीपीसी-१५७ नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करते, असे प्राण्यांत दिसले. जखमेला ते हितकर, गाठीलाही पोषक ठरू शकेल.

या पेप्टाइड्सनी कर्करोग होतोच, असे सिद्ध झालेले नाही. होत नाही, असेही नाही. माणसांवरील दीर्घकालीन चाचण्याच झालेल्या नाहीत, आणि गाठ वाढायला वर्षे लागतात. अनेक कुप्यांवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले असते. मुदत ठेव मोडून अशी कुपी घेणाऱ्याने ते अक्षर भिंग लावून वाचावे. ज्यांना पूर्वी कर्करोग झाला आहे, त्यांनी तर आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्यावाचून सुईला हातही लावू नये.