लेकरू शांत पडलंय, पण श्वास पुरतोय का? श्वासाचे स्नायू कमजोर झाल्याचे असे ओळखा

पावसाळ्यात खेड्यापाड्यांत घडणारी गोष्ट. रात्री जमिनीवर झोपलेलं पोरगं पहाटे उठतं, पोटात दुखतंय म्हणतं. एखादी उलटी होते. काहीतरी बाधलं असेल, असं घरच्यांना वाटतं. थोड्या वेळाने पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं, थुंकी गिळता येत नाही. अंगावर सूज नाही, दाताची खूणही दिसत नाही. हा मण्यार सापाचा दंश असू शकतो. त्याच्या विषाने नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप थांबतो आणि शेवटी श्वासाचे स्नायूच बंद पडतात.

धाप आणि कमजोरी वेगळी

फुफ्फुस हा भाता आहे. तो ओढण्याचं काम बरगड्यांमधले स्नायू आणि छाती-पोटाच्या मधला पडदा करतो. न्यूमोनिया किंवा दम्यात भाता बिघडतो, ओढणारा धडधाकट असतो. म्हणून लेकरू धापा टाकतं, नाकपुड्या फुलतात. इथे ओढणाराच थकलेला असतो. त्यामुळे लेकराला नीट धापही टाकता येत नाही. ते गप पडून राहतं आणि घरच्यांना वाटतं, झोप लागली. धोका इथेच आहे.

डॉक्टर काय बघतात?

• एका श्वासात मोजणी : खोल श्वास घेऊन, मध्ये दम न घेता एक, दोन, तीन असं मोठ्याने मोजायला सांगतात. मोठा निरोगी माणूस ३० च्या पुढे जातो. लहान मुलांचा आकडा वयाप्रमाणे कमी असतो, म्हणून त्याच मुलाची मोजणी पुन्हा पुन्हा घेतात. मघाशी १८ होती आणि आता १० वर आली, तर थांबायची वेळ नाही.

• मान : उताणं झोपवून उशीवरून डोकं उचलायला लावतात. मानेच्या आणि श्वासाच्या पडद्याच्या नसा जवळजवळ एकाच भागातून निघतात. मान उचलेना, तर श्वासही धोक्यात आहे असं धरतात.

• पोट : श्वास घेताना पोट वर यायला हवं. ते आत जात असेल, तर पडदा कमजोर झालाय.

• खोकला आणि आवाज : खोकल्यात जोर नाही, आवाज नाकातून येतो, तोंडात लाळ साठते. तान्ह्या बाळाला मोजणी जमत नाही, तिथे रडण्याचा बारीक झालेला आवाज आणि दूध ओढताना लागणारा दम बघतात.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबून राहू नका. त्यावर ९६-९७ दिसत असतानाही स्नायू थकत चाललेले असू शकतात. आकडा उशिरा पडतो, आणि पडला की झपाट्याने पडतो.

हळूहळू येणारी कमजोरी

जीबीएस या आजारात पायापासून वर कमजोरी चढते. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. तिथेही याच खुणा बघतात.

डुशेन हा जन्मजात आजार बहुतेक मुलग्यांना होतो. पोरगं मांडीवर हात टेकत उठतं, सारखं पडतं. त्याच्या श्वासाचे स्नायू काही वर्षांनी कमजोर होतात. सकाळी डोकं दुखणं, रात्री सारखी जाग येणं, दिवसा पेंगणं या त्याच्या खुणा. साधारण पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांची नळीत फुंकायची तपासणी होते. खोकल्याचा जोरही मोजतात. बारा वर्षांपुढच्या मुलात तो मिनिटाला २७० लिटरच्या खाली गेला, तर कफ काढायला मदत लागते. जिल्हा रुग्णालयात याची चौकशी करता येते.

दंशाचा संशय आला तर

१०८ ला फोन करा. खायला-प्यायला काही देऊ नका. लाळ घशात जाऊ नये म्हणून कुशीवर झोपवा. चिरा देणं, घट्ट दोरी बांधणं, मांत्रिक गाठणं यात वेळ घालवू नका. प्रतिविष आणि श्वासाचं यंत्र दोन्ही जिथे आहे, तिथेच न्या.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. पापणी हलत नाही, हातपाय हलत नाहीत, म्हणजे लेकरू गेलं असं नाही. ते सगळं ऐकत असू शकतं. श्वास चालू ठेवला, तर अशी मुलं काही दिवसांत उठून बसतात.